मेडिकलच्या काउंटरवरच्या पोराला कायद्याने किती काम द्यावं?

रॅक_नंबर_सात (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात माझं मेडिकल आहे. बी.फार्म झालोय, लायसनवर नाव माझं आणि दुकानात बसतोही मीच. शेवटचं मुद्दाम लिहिलं, कारण आमच्या धंद्यात ते धरून चालता येत नाही.

बाहेर फार्मासिस्टच्या हाताखाली फार्मसी टेक्निशियन असतो, शिकून आलेला. ब्रिटनमध्ये १ जुलै २०११ पासून नोंदणी नसेल तर स्वतःला टेक्निशियन म्हणवताही येत नाही. २६ जून २०२४ पासून तर त्यांना ठरवून दिलेल्या लेखी सूचनांच्या चौकटीत काही औषधं द्यायची, लस टोचायची मुभा मिळाली. अमेरिकेत आयडाहो राज्याने २०१७ मध्येच टेक्निशियनच्या हातात लसीची सुई दिली होती. कोविडात, ऑक्टोबर २०२० मध्ये, तिथल्या केंद्र सरकारने फार्मासिस्टच्या देखरेखीखाली ती परवानगी देशभर दिली.

आपल्याकडे कागदावर असा माणूसच नाही. आणि दुकानात बघाल तर तोच सगळीकडे आहे. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात कुठल्याही मेडिकलपुढे उभे राहून बघा. चिठ्ठी घेणारा तो, रॅकमधून खोकं काढणारा तो, स्ट्रिप कापणारा तो, बिल करणारा तो आणि "जेवल्यावर घ्या" सांगणाराही तोच. शिक्षण बारावी, कधी दहावी. फार्मासिस्ट भिंतीवर, फ्रेममध्ये.

आता कायदा. फार्मसी कायदा १९४८, कलम ४२ : डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कोणी बनवायचं नाही, मिसळायचं नाही, द्यायचं नाही. औषध नियम १९४५, नियम ६५ : असं औषध फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिलं जावं. म्हणजे एक म्हणतो दुसऱ्याने हातच लावायचा नाही, दुसरा म्हणतो तू बघत असशील तर लावू दे. या फटीत आम्ही सगळे दुकान मांडून बसलोय. कलम ४२ मोडलं तर पूर्वी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होता. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने कैद तीन महिन्यांवर आणली आणि दंड दोन लाखांपर्यंत नेला. हजाराला कोण भीत होतं?

माझं म्हणणं साधं आहे. या पोरांना शिकवा, परीक्षा घ्या, नाव नोंदवा आणि काही कामं त्यांना राजरोस द्या. माल उतरवून बॅच आणि एक्सपायरी तपासणं, फ्रिजचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहिणं (आपल्या मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत लाईट गेली की इन्शुलिनचं काय होतं ते आम्हालाच माहीत), चिठ्ठी कॉम्प्युटरला चढवणं, औषध काढून ट्रेमध्ये ठेवणं. ट्रे पेशंटच्या हातात जाण्याआधीची शेवटची नजर आणि पेशंटशी बोलणं मात्र फार्मासिस्टचंच.

तुम्हाला काय वाटतं? डॉक्टर, पेशंट, काउंटरवाले, सगळ्यांनी लिहा.

चटणीभाकरी

फार्मासिस्ट भिंतीवर, फ्रेममध्ये. हार तेवढा घालायचा राहिलाय बे.

डीफार्म_बेकार

धागाकर्त्यांचा आदर ठेवून सांगतो, हा आमच्या पोटावर पाय आहे.

बारावी सायन्सनंतर दोन वर्षं डी.फार्म केलं. वर ५०० तासांचं ट्रेनिंग. २०२२ च्या नियमांनी आमच्या मागे एक्झिट परीक्षाही लावली, ती पास झाल्याशिवाय रजिस्ट्रेशन नाही. एवढं करून नव्या पेठेपासून विजापूर रोडपर्यंत फिरलो तर मालक विचारतो, "सर्टिफिकेट लावणार का? यायची गरज नाही, महिन्याला पैसे घरपोच." मी म्हणालो, काम करायचंय. तर म्हणतो, कामाला पोरं आहेत की.

म्हणजे मालकाला माझा कागद पाहिजे, मी नको. आता त्या पोराला टेक्निशियनचा कागद मिळाला तर मालक माझा कागदही घेणार नाही. तुम्ही म्हणता 'देखरेखीखाली'. देखरेख करणारा दुकानात हवा ना आधी? अमेरिकेत खुर्चीवर फार्मासिस्ट बसलेला आहे म्हणून त्याच्या हाताखाली माणूस देतात. इथे खुर्चीच रिकामी आणि तुम्ही हाताखालच्याला बढती देताय.

आसरा_चौक

+१. झगडे साहेब एफडीएचे (अन्न व औषध प्रशासनाचे) आयुक्त होते तेव्हा फार्मासिस्ट दुकानात पाहिजेच म्हणून धरपकड झाली होती, आणि केमिस्ट लोकांनी दुकानं बंद ठेवून निषेध केला होता. आठवतंय का कुणाला? साहेब गेले आणि सगळं पुन्हा होतं तिथे.

मुक्ता_होटगीरोड

पेशंटच्या बाजूने लिहिते. आईला संधिवात आहे. मेथोट्रेक्सेट चालू आहे, आठवड्यातून एकदाच, सोमवारी. बाकीच्या दिवशी फॉलिक ॲसिड. दोन्ही गोळ्या पिवळट, बारीक. एकदा नेहमीचं दुकान बंद होतं म्हणून दुसरीकडून आणल्या. तिथल्या मुलाने पाकिटावर पेनने '१ रात्री' लिहून दिलं, दोन्ही पाकिटांवर. फुलीही सारखीच, अक्षरही सारखंच. मी घरी होते म्हणून बघितलं. आई एकटी असती तर रोज घेतली असती, तिला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा ती शोधत नाही.

मेथोट्रेक्सेट रोज घेतलं तर माणूस जाऊ शकतो, हे मला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या मुलाला कुणी सांगितलं असेल का? मला त्याचा राग नाही आला, खरंच. तो एका वेळी चार जणांच्या चिठ्ठ्या हातात घेऊन होता. पण दुकानात त्याच्या मागे बसून 'थांब, ही सोमवारची गोळी आहे' म्हणणारं कुणी नव्हतं. मला तेवढं पाहिजे. बाकी कोण गोळी काढतो याच्याशी मला देणंघेणं नाही.

रॅक_नंबर_सात

मुक्ताताई, तुमचा प्रतिसाद म्हणजे माझ्या धाग्याचा गाभाच. काढणं आणि बघणं ही दोन वेगळी कामं आहेत. आज दोन्ही एकाच माणसाकडे आहेत, मग तो फार्मासिस्ट असो की पोरगा. मी एकटा असतो तेव्हा मीच काढतो आणि मीच बघतो, आणि स्वतः काढलेलं स्वतःला बरोबरच दिसतं. काढायला दुसरा असला की माझे डोळे मोकळे राहतात.

डीफार्म भाऊ, तुमच्या रागाला उत्तर आहे, पण थोडं थांबा. ओहायोवाल्या ताई या धाग्यावर येतील असं वाटतंय.

ओहायोकर

आले. माहेर सोलापुरातली बाळीवेस, आता इथे अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे.

आमच्याकडे टेक्निशियन काय करतात? वॉर्डातल्या औषधांच्या कपाट-मशीनमध्ये माल भरतात. निर्जंतुक खोलीत सलाइनच्या पिशव्यांत औषधं मिसळतात. इमर्जन्सीत आलेल्या पेशंटला घरी कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत याची यादी तयार करतात, आणि खरं सांगते, हे काम ते आमच्यापेक्षा चिकाटीने करतात. काही राज्यांत एका टेक्निशियनने भरलेला वॉर्डाचा माल दुसरा प्रशिक्षित टेक्निशियन तपासतो, फार्मासिस्टला बोलवत नाहीत. यावर अभ्यास झालेत, आणि अशा ठरावीक कामात त्यांची नजर फार्मासिस्टपेक्षा कमी पडलेली नाही. पण चिठ्ठी योग्य आहे का, दोन औषधं एकमेकांशी भांडतात का, किडनी बघून डोस कमी करायचा का, हे तिथे येत नाही. ते फार्मासिस्ट आधीच बघून मोकळा झालेला असतो.

आता दुसरी बाजू. आमच्याच राज्यात २००६ मध्ये एमिली जेरी नावाची दोन वर्षांची मुलगी गेली. केमोथेरपीची पिशवी टेक्निशियनने बनवली होती. मिठाचं पाणी ०.९ टक्क्याचं हवं होतं, तिथे २३ टक्क्यांहून जास्त तीव्रतेचं गेलं. फार्मासिस्टने ती पिशवी तपासून पास केली होती. त्याचं लायसन गेलं आणि २००९ मध्ये त्याला सहा महिन्यांची कैद झाली. टेक्निशियनवर गुन्हा चालला नाही. त्या वेळी ओहायोत टेक्निशियनला किमान शिक्षण लागतं असा नियमच नव्हता. त्यानंतर मुलीच्या नावाने कायदा झाला, २००९ मध्येच.

म्हणून रॅक_नंबर_सात, तुम्ही 'शेवटची नजर माझी' म्हणता ना, तेव्हा त्याचा अर्थ काय होतो तो नीट समजून म्हणा. सही तुमची, तुरुंगही तुमचा. एका फार्मासिस्टमागे किती टेक्निशियन चालतील यावर इथल्या बऱ्याच राज्यांत मर्यादा आहे ती उगाच नाही.

आणि मालकलोक कामं वाढवतात, पगार वाढवत नाहीत. २०२३ मध्ये मोठ्या साखळी दुकानांतले फार्मासिस्ट आणि टेक्निशियन काम सोडून बाहेर आले होते. लस टोचा, फोन घ्या, गाडीतल्या गिऱ्हाइकाला खिडकीतून द्या, सगळं एकाच वेळी.

अशोक_चौक_काउंटर

मी तोच पोरगा. म्हणजे आता पोरगा राहिलो नाही, केस पिकायला लागले. पूर्व भागात एका मेडिकलला आहे, नाव लिहीत नाही.

सगळे आमच्याविषयी बोलूलालेत म्हणून मीपण लिहितो. ड्रग इन्स्पेक्टर आले की मी काय करतो माहितीय? काउंटरच्या फळीखालून वाकून बाहेर येतो आणि गिऱ्हाइकात उभा राहतो. एकदा तर साहेबांनी मलाच विचारलं, काय घ्यायला आलाय? म्हटलं, क्रोसिन. शेटने मला क्रोसिन दिली, मी पैसे दिले. साहेब गेल्यावर पैसे परत घेतले.

हसा. पण दिवसभर दुकान मी चालवायचं आणि साहेब आले की मीच गिऱ्हाईक व्हायचं, हे बरं नाही वाटत.

आता कामाचं सांगतो. आमच्याकडे निम्मी गिऱ्हाइकं तेलुगू बोलणारी. विडी वळणाऱ्या बायका, लूमवरची माणसं. त्यांना मराठीत 'दिवसातून दोनदा' सांगितलं तर मान डोलावतात आणि घरी जाऊन एकदाच घेतात. मी 'पोद्दुन ओकटी, रात्री ओकटी' (सकाळी एक, रात्री एक) म्हणतो, बोटाने गोळी दाखवतो, मग पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून देतो. आमचे फार्मासिस्ट सर चांगले आहेत, संध्याकाळी दोन तास येतात, पण त्यांना तेलुगू येत नाही. मग 'पेशंटशी बोलणं फक्त फार्मासिस्टचं' हे अशोक चौकात कसं जमायचं?

इन्शुलिनचं एक सांगतो. बाटली दोन प्रकारची येते, एका मिलीत चाळीस युनिटची आणि शंभर युनिटची. सिरिंजपण दोन, लाल टोपीची चाळीससाठी आणि नारिंगी शंभरसाठी. परवा एक आजी शंभरची बाटली मागायला आल्या, पिशवीत लाल टोपीच्या सिरिंजा, दुसरीकडून घेतलेल्या. शंभरची बाटली लाल सिरिंजने भरली तर डोस अडीचपट जातो. हे मला कोणी कॉलेजात नाही शिकवलं. शिकवलं असतं तर आवडलं असतं. आजींना थांबवून सरांना फोन लावला, सर त्यांच्या मुलाशी बोलले.

मला फार्मासिस्ट व्हायचं नाही. मला जे येतं ते लिहून द्या, जे येत नाही ते शिकवा, आणि माझं नाव कुठेतरी लिहा.

डीफार्म_बेकार

दादा, तुमच्यावर राग नव्हता. शेटवर आहे.

निवृत्त_औषध_निर्माण_अधिकारी

बऱ्याच वर्षांनी लिहितोय. जिल्ह्यात मोहोळ, मंगळवेढा भागात सरकारी नोकरी झाली.

काउंटरवाल्या भावाचं लिखाण वाचून समाधान वाटलं. पण एक सावध करतो. १९४८ च्या कायद्यात पहिलं रजिस्टर उघडलं तेव्हा पदवी-पदविका नसलेल्यांनाही दवाखान्यात औषधं मिसळण्याच्या पाच वर्षांच्या अनुभवावर नाव घालता येत होतं. त्या काळी पर्याय नव्हता. आज अनुभवावर सरसकट नावं घालायला गेलात तर अनुभवाचे दाखले कोण देणार? शेट देणार. मग जे सर्टिफिकेटचं झालं तेच दाखल्याचं होईल. परीक्षा हवीच, आणि ती तेलुगूत, कन्नडमध्येही हवी. बाकी कारागिरी हातात आहे, ती तपासून घ्या.

प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी एकटा असतो. इंडेंट (औषधांची मागणी) त्याने भरायचं, स्टोअर त्याने सांभाळायचं, महिन्याचे अहवाल त्यानेच करायचे आणि खिडकीही त्यानेच चालवायची. तो तालुक्याला मीटिंगला गेला की गोळ्या कोण वाटतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे एक शिकलेला सहायक दिला तर कुणाची नोकरी जात नाही. सुरुवात मेडिकलपासून कशाला, इथून करा. इथे निदान शेट नाही.

डॉक्टर_रेल्वे_लाईन्स

माझ्याकडून एकच गोष्ट. रात्री फोन येतो, "सर, ही कंपनी नाही, दुसरी देऊ का?" शेड्यूल एच, एच१, एक्सच्या (चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांच्या सरकारी याद्या) औषधात दुकानदाराने परस्पर बदल करायचा नाही हे नियमात स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे फोन करतात ते बरोबरच आहे. पण फोन करणाऱ्याला मी "घटक काय आहे त्यात?" विचारलं की पलीकडे शांतता. मग स्ट्रिप उलटी करून स्पेलिंग वाचून दाखवतो. वॉरफरिनसारखं औषध, एक, दोन आणि पाच मिलिग्रॅममध्ये मिळणारं, असं फोनवर स्पेलिंगने ठरवायचं का? टेक्निशियनला काय द्यायचं ते द्या, हा फोन मात्र फार्मासिस्टचाच असू द्या.

बाकी एच१ चं रजिस्टर बहुतेक ठिकाणी महिनाअखेरीस एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेलं असतं. ते काम टेक्निशियनला दिलं तर निदान रोजच्या रोज होईल.

रॅक_नंबर_सात

डॉक्टरसाहेब, मान्य. एच१ मध्ये क्षयाची औषधं आहेत, अल्प्राझोलाम आहे, वरच्या फळीतली अँटिबायोटिक्स आहेत. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, हे लिहून तीन वर्षं जपायचं असतं. लिहायला डोकं लागत नाही, शिस्त लागते. टेक्निशियनने लिहावं, मी रात्री सही करावी.

अशोक चौकच्या दादांनी मला अडकवलंय. पेशंटशी बोलणं म्हणजे एकच काम मी धरलं होतं, त्यांनी त्याचे दोन भाग पाडले. काय सांगायचं हे फार्मासिस्टने ठरवावं. कुठल्या भाषेत, कसं, सूर्य-चंद्र काढून की बोट दाखवून, हे दादांनी. पण पेशंटने उलट प्रश्न विचारला, की चक्कर येते, गर्भार आहे, दुसऱ्या डॉक्टरच्या गोळ्याही चालू आहेत, तर तिथे दादांनी थांबायचं आणि मागे वळून हाक मारायची. आणि हाक मारली की ओ द्यायला मागे माणूस पाहिजे. डीफार्म भाऊ पहिल्यापासून हेच म्हणतायत. त्यामुळे माझ्या प्रस्तावात क्रम बदलतो : ज्या दुकानात उघडल्यापासून बंद होईपर्यंत फार्मासिस्ट हजर आहे, त्याच दुकानाला टेक्निशियन नेमायची परवानगी. हजर नसेल तर टेक्निशियनला चिठ्ठीच्या औषधाला हात लावता येणार नाही, साबण आणि डायपर विकावेत.

चटणीभाकरी

मग दुपारी तुम्ही जेवायला जाता तेव्हा?

रॅक_नंबर_सात

दोन ते चार शटर अर्धं खाली. हे सोलापूर आहे, दुपारी गिऱ्हाईकही झोपलेलं असतं.

आसरा_चौक

उघडल्यापासून बंद होईपर्यंत म्हणजे सकाळी नऊ ते रात्री साडेदहा. एकट्या फार्मासिस्टला झेपणार? दोन ठेवावे लागतील. लहान दुकान मरेल, मोठ्या साखळ्यांचं फावेल. त्याचाही विचार करा.

रॅक_नंबर_सात

करतोय. लहान दुकानाचे तास कमी होतील, हे खरं. रात्री साडेदहापर्यंत उघडं आणि आत फार्मासिस्ट नाही, यापेक्षा आठला बंद झालेलं मला चालेल. तुम्हाला नसेल चालत, त्यावर भांडू.

मुक्ता_होटगीरोड

रात्री ताप आला तर? आठला बंद झालेलं मला नाही चालत हो. सिव्हिलपर्यंत जायला रिक्षावाला रात्री दुप्पट मागतो.

ओहायोकर

इथे काही राज्यांत फार्मासिस्ट दुसऱ्या ठिकाणी बसून कॅमेऱ्यावर बघतो आणि दुकानात टेक्निशियन असतो. गावखेड्यांसाठी काढलेली सोय आहे ती. सोलापुरात सुचवायला भीती वाटते. कॅमेराही भाड्याने लावतील.

अशोक_चौक_काउंटर

लावतील म्हणजे, लावलाच समजा. आमच्या शेटने हा धागा वाचला नाही म्हणून बरं.

डीफार्म_बेकार

रॅक_नंबर_सात सर, एक विचारू? तुमच्याकडे संध्याकाळी दुसरा फार्मासिस्ट लागतोय का?

रॅक_नंबर_सात

लागतोय. पाच ते साडेदहा, रविवारी सुट्टी. सर्टिफिकेट घेऊन या, आणि स्वतःपण या. पहिला महिना ट्रे बघायचे, काढायचं काम पोराचं. पगाराचं समोरासमोर बोलू, इथे सगळे शेट वाचतात.